आई-बाबांना घेऊन वाळवंटातली पार्कं: ९ दिवसांत ८ जमतील का?

मुग्धा_सनीव्हेल

नमस्कार मंडळी. आई-बाबा (वय ६४ आणि ६९) एप्रिलअखेर पुण्याहून इकडे कॅलिफोर्नियाला येताहेत, ऑगस्टपर्यंत आहेत. नवरा, मी, सात वर्षांचा लेक आणि ते दोघे, असे पाच जण. ४ जुलैच्या सुट्टीला जोडून वाळवंटातली नॅशनल पार्कं करायचा बेत आहे. गाडी घरूनच न्यायची.

दिवस १ सनीव्हेल ते डेथ व्हॅली, २ लास व्हेगास, ३ झायन, ४ ब्राइस, ५ कॅपिटल रीफ आणि त्याच दिवशी मोआब, ६ आर्चेस + कॅनियनलँड्स, ७ मॉन्युमेंट व्हॅली आणि पेज, ८ ग्रँड कॅनियन, ९ परत घरी, वाटेत जमलं तर जोशुआ ट्री.

आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपी आहे, पण तसे हिंडतेफिरते आहेत. पुन्हा कधी येतील माहीत नाही, म्हणून सगळं दाखवायचंय. काही बदल सुचवाल का?

घाटमाथा

हा बेत आहे की एसटीचं वेळापत्रक?

टवाळ_टिल्लू

एसटी निदान चहाला थांबते.

घाटमाथा

आता गंभीरपणे. जुलैत डेथ व्हॅली नको. जगात नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान तिथलंच आहे, फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ सेल्सिअस. त्या नोंदीवर वाद घालणारे आहेत, पण जुलैत पारा तिथे रोजच पन्नाशीच्या जवळ असतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला हौसेने तिथे उतरवू नका. दिवस ९ म्हणजे ग्रँड कॅनियनहून सनीव्हेल, वर जोशुआ ट्री? एकदा नकाशा उघडून अंतर मोजा.

आई-बाबा एप्रिलअखेर येतच आहेत तर मे महिन्यातच उरका. मेच्या शेवटच्या सोमवारची लांब सुट्टी तेवढी टाळा.

मुग्धा_सनीव्हेल

लेकाची शाळा असते हो मेमध्ये.

निवांत_काकू

दुसरीतल्या मुलाचं आठवडाभरात काय बुडणार आहे? आजोबांबरोबर दगड बघेल.

रेतीचा_कण

आम्ही फिनिक्सला अकरा वर्षं आहोत, ही पार्कं उभी-आडवी केलीत. थोडं लांबलचक लिहितो.

पहिलं म्हणजे गाडी घरून नेऊ नका. व्हेगासपर्यंत साडेपाचशे मैल, पाच जण आणि सामान, यात जायचा एक अन् यायचा एक असे दोन दिवस जातात. विमानाने व्हेगासला उतरा, तिथे मोठी गाडी भाड्याने घ्या आणि गोल फिरून तिथेच परत करा.

टप्पे साधारण असे पडतात. व्हेगास ते झायन १६० मैल. झायन ते ब्राइस ८५. ब्राइस ते कॅपिटल रीफ १२०, पण हा हायवे १२ आहे, त्याला अर्धा दिवस द्या. एस्कलांटेच्या पुढे एका ठिकाणी रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, दोन्हीकडे दरी आणि कठडा नाही. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा, बाकीच्यांनी बाकीचं. कॅपिटल रीफ ते मोआब दीडशे मैल. मोआब ते मॉन्युमेंट व्हॅली तेवढंच. तिथून पेज सव्वाशे, पेज ते ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ १३५ आणि शेवटी व्हेगास २८०.

मैल बघून फसू नका. मुंबई-पुण्यासारखी दर दहा मिनिटांनी टपरी नसते. युटातल्या इंटरस्टेट ७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना साधारण शंभर मैल पेट्रोल नाही, दुकान नाही, काहीच नाही. टाकी अर्धी झाली की भरायची, हा आमच्या घरचा नियम. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी गाडीत हवंच. नकाशे आधीच उतरवून ठेवा, कारण रेंज जाते म्हणजे तासन्‌तास जाते.

स्टेपनीवाला

आणि स्टेपनी आहे का ते बघा! हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, हवा भरायचा पंप आणि चिकटवायचं द्रव देतात. आम्हाला भाड्याच्या गाडीची डिकी उघडल्यावर कळलं, तेही टायर फाटल्यावर. फाटलेल्या टायरवर पंपाचा काय उपयोग? साडेतीन तास रस्त्याच्या कडेला बसलो. बायको त्या दिवसापासून मला नावानिशी हाक मारत नाही. हा आयडी तिनेच सुचवला.

टवाळ_टिल्लू

दंडवत. वाचनखूण साठवली.

आंबटगोड

@मुग्धा, प्रश्न जरा खाजगी आहे. आई-बाबा तुझे की नवऱ्याचे? उत्तरावर सल्ला अवलंबून आहे.

मुग्धा_सनीव्हेल

माझे. सासू-सासरे पुढच्या वर्षी येणार आहेत, त्याचा धागा वेगळा काढीन.

सह्यपुत्र

स्पष्ट बोलतो, राग नसावा. गाडीतून उतरून कठड्यापाशी फोटो, परत गाडीत, याला पार्क बघणं म्हणत नाहीत. झायनमध्ये नॅरोजला नदीच्या पात्रातून चालला नाहीत, आर्चेसला डेलिकेट आर्चपर्यंत चढला नाहीत, तर काय बघितलंत? कमी पार्कं करा पण पायी करा. आपल्याकडे सांधण दरीत घोटाभर पाण्यातून दोन भिंतींच्या मधून जाताना जे वाटतं ते वरून बघून कळतं का?

निवांत_काकू

सह्यपुत्रा, तुझं वय किती रे? माझं एकाहत्तर. २०१८ साली लेक-सुनेबरोबर हीच सहल केली. या धाग्यावर सगळे आई-बाबांबद्दल बोलताहेत, म्हणून त्या बाजूचं जरा सांगते.

आम्हाला तेव्हा कुणी विचारलंच नाही. सुनेने एक्सेल केलं होतं. दर पार्कात दोन तास, मग "चला चला". सगळ्या कमानी माझ्या डोक्यात एकच झाल्यात. कुठली आर्चेसची आणि कुठली ब्राइसची, फोटो दाखवलेत तरी सांगता यायचं नाही. नक्की आठवतं ते कॅपिटल रीफ, कारण तिथे गाडी गरम झाली म्हणून अख्खा दिवस अडकलो. फ्रूटा नावाची जागा आहे, जुन्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी लावलेल्या फळबागा. लाल कड्यांच्या खाली हिरवीगार झाडं. जूनअखेर होती, चेरी लागल्या होत्या. बागेत उभं राहून खा, फुकट. घरी न्यायच्या तर वजन करून पैसे टाकायचे. शिडी अन् टोपली तेच ठेवतात. मी आणि ह्यांनी दोन तास चेरी तोडल्या. संध्याकाळी बागेत हरणं आली. हे म्हणाले, "कमानी नसत्या दाखवल्या तरी चाललं असतं."

तर मुग्धा, आईला विचार. यादी दाखवून "काय काय बघायचं" असं नको विचारूस, आई "तुम्ही न्याल तिथे" म्हणेल. "रोज किती तास गाडीत बसवेल?" असं विचार.

आणि संडास कुठे कुठे आहेत ते आधी बघून ठेव. हे कुणी लिहीत नाही. पार्कात जागोजागी कोरडे संडास असतात आणि ते बहुतेक स्वच्छ असतात, पण दोन पार्कांच्या मध्ये साठ-साठ मैल काही नसतं. आम्ही बायका पाणीच पीत नाही त्या भीतीने, आणि मग डोकं दुखतं.

मुग्धा_सनीव्हेल

काकू 🙏 आईला आत्ताच फोन केला. म्हणाली, "तुम्ही न्याल तिथे." दुसरा प्रश्न विचारल्यावर बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "तीन तास. पण बाबांना सांगू नकोस मी म्हणाले म्हणून."

सह्यपुत्र

काकू, माफी. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करावा म्हणतो. वय ३४, गुडघे अजून शाबूत.

निवांत_काकू

काढू नकोस. नॅरोजला नाही गेले याची खंत मला आहेच.

रेतीचा_कण

काकूंच्या प्रतिसादाला +१०१. गुडघेदुखी असेल तर सपाट वाटाही भरपूर आहेत. झायनमध्ये शटल जिथे संपते तिथून नदीकाठची रिव्हरसाइड वॉक, जाऊन-येऊन सव्वादोन मैल, फरसबंद. नॅरोज तिच्याच टोकाला सुरू होतं, म्हणजे सह्यपुत्राने पाण्यात जावं आणि आईने काठावरच्या दगडावर बसावं. ब्राइसला सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट जवळपास सपाट. आर्चेसला विंडोज आणि डबल आर्च गाडीतळापासून हाकेच्या अंतरावर. डेलिकेट आर्च मात्र जाऊन-येऊन तीन मैल, उघडा तापलेला खडक आणि १५० मीटर चढ. एकाने आजी-आजोबांजवळ थांबा, एकाने पहाटे जा.

झायनमधला एंजल्स लँडिंगचा अरुंद कड्यावरचा चढ मनात असेल तर १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं, सोडतीने मिळतं. लेकाला घेऊन नकोच.

हिशेबनीस

पैशांचं कोणीच बोललं नाही. १ जानेवारी २०२६ पासून वार्षिक पासचे दर दोन झालेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर, बाहेरून आलेल्यांना २५०. पास नसेल तर ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस धरून ११ गर्दीच्या पार्कांत बाहेरच्या प्रौढ पाहुण्याला डोई १०० डॉलर जादा. ओळखपत्र बरोबर ठेवा आणि निघण्याआधी पार्कांच्या साइटवरचे नियम नीट वाचा, गेटवर मागे गाड्यांची रांग लागलेली असताना नको.

शिवाय मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅनियन (पेजजवळची अरुंद घळ) ही नॅशनल पार्कं नाहीतच. ती नावाहो या आदिवासी लोकांची जमीन, तिथे हा पास चालत नाही, पैसे वेगळे. हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणापाशी पार्किंग पेज गावाचं, तेही वेगळं.

आंबटगोड

अँटिलोपला वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, आणि ते बरंच आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये लोअर अँटिलोपमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ जण गेले. पाऊस तिथे पडलाच नव्हता, कित्येक मैल वर पडला होता. आकाश निळं असलं तरी दरीत पाणी येऊ शकतं. सह्यपुत्राने वर सांधणचा उल्लेख केला म्हणून सांगते, पावसाळ्यात तिथे उतरायचं नाही हे गावकरी ओरडून सांगतात, तोच हा प्रकार. इकडे ढगफुटीचा काळ म्हणजे जुलै ते सप्टेंबर. मेमध्ये जायला हे आणखी एक कारण.

दगडफोड्या

अवांतर, पण राहवत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे दगड बघताना एक गोष्ट लक्षात ठेवली की मजा येते. आपला कातळ काळा, लाव्हाचा, थरावर थर ओतून गोठलेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झायनच्या भिंती म्हणजे वाळूच्या टेकड्या आहेत! सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी तिथे खरोखरीचं वाळवंट होतं, वारा वाळू ढकलत होता. तीच वाळू दबून दगड झाली. झायनचा बोगदा ओलांडून पूर्वेला निघालात की चेकरबोर्ड मेसाजवळ थांबा. दगडावर तिरक्या रेघा दिसतील, त्या टेकड्यांच्या उतारांच्या आहेत. कुठल्या दिशेने वारा वाहत होता ते आजही वाचता येतं. म्हणजे तुम्ही वाळवंटातून जाताना एका जुन्या वाळवंटाच्या पोटातून जात असता.

ब्राइसचे सुळके वेगळे. तिथे कारागीर बर्फ. दिवसा वितळलेलं पाणी फटीत शिरतं, रात्री गोठून फुगतं, दगड फुटतो. वर्षातल्या जवळजवळ निम्म्या रात्री हे चालतं. काठ आठ-नऊ हजार फुटांवर आहे, तेव्हा मे असला तरी स्वेटर घ्या. बाबांना तिथे सावकाश चालू दे.

आणि मोआबकडे वाटेबाहेर जमिनीवर काळी खरखरीत साय दिसेल, तिच्यावर पाय देऊ नका, लेकालाही सांगा. ती जिवंत असते. जिवाणू, शेवाळ, दगडफूल मिळून मातीला धरून ठेवतात. एक पाऊल पडलं तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

टवाळ_टिल्लू

भूगोलाच्या सरांनी असं शिकवलं असतं तर मी आज कोडिंग करत नसतो.

झणझणीत

सगळं ठीक, जेवणाचं काय? बाबा चार दिवस बर्गर खातील का?

आंबटगोड

थेपले, भडंग, मेतकूट, छोटा इलेक्ट्रिक कुकर. मोटेलच्या खोलीत वरण-भात होतो. फोडणी मात्र करू नये. आमच्या मामेसासऱ्यांनी बाथरूममध्ये शेगडी नेऊन मोहरी तडतडवली. धुराचा गजर झाला, अख्खं मोटेल लेंग्या-नाइटीत पार्किंगमध्ये. एक ट्रकवाला म्हणाला, वास छान आहे.

झणझणीत

फोडणी घरून करून बाटलीत न्या. आठ दिवस टिकते. दह्यात घाला, पोह्यात घाला. याला म्हणतात पूर्वतयारी.

हिशेबनीस

विमानात बाटली सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको. मीही शिकलोय.

रेतीचा_कण

घड्याळाचं राहिलं. उन्हाळ्यात युटाचं घड्याळ ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे, कारण ॲरिझोना घड्याळ बदलत नाही. पण ॲरिझोनातले नावाहो बदलतात. आणि नावाहोंच्या मध्ये वेढलेले होपी पुन्हा बदलत नाहीत.

टवाळ_टिल्लू

म्हणजे मेदूवडा आहे आणि भोकात आणखी एक छोटा मेदूवडा.

रेतीचा_कण

हो, तसंच. पेजच्या सहली ॲरिझोनाच्या वेळेने चालतात, पण फोन नावाहो हद्दीतला टॉवर पकडून स्वतःच एक तास पुढे जातो. आरक्षण केलेल्या माणसाला विचारून हातातल्या घड्याळात वेळ लावा.

मुग्धा_सनीव्हेल

सगळ्यांचे आभार. नवा बेत असा: ९ मे, विमानाने व्हेगास. झायन २ रात्री, ब्राइस १, कॅपिटल रीफजवळ टॉरी गावात २ (काकूंसाठी), मोआब २, पेज १, ग्रँड कॅनियन १. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री कापले. बाबा डेथ व्हॅलीसाठी हट्ट करत होते, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली उभं राहायचं होतं. त्यांना म्हटलं, डिसेंबरात या.

स्टेपनीवाला

स्टेपनी.

मुग्धा_सनीव्हेल

हो हो, बघते.

मुग्धा_सनीव्हेल

(तीन आठवड्यांनी) आलो परत! वृत्तांत द्यायलाच हवा.

काउंटरवरची पहिली गाडी बिनस्टेपनीची निघाली. नवरा म्हणाला जाऊ दे, मी म्हटलं नाही. पाऊण तास थांबून दुसरी घेतली. टायर शेवटपर्यंत ठणठणीत राहिले, त्यामुळे तो पाऊण तास मला अजून ऐकवला जातोय.

झायनला आई रिव्हरसाइड वॉक पूर्ण चालली. टोकाला पोचल्यावर चपला काढून पाण्यात पाय घातले आणि "आई गं!" अशी ओरडली की चार गोरे धावत आले. पाणी बर्फ होतं. सह्यपुत्र, नवरा अर्धा तास आत जाऊन आला, तुमच्या नावाने.

ब्राइसला बर्फ पडला. मे महिन्यात! वाळवंटाच्या सहलीला आईने कानटोपी आणली म्हणून मी घरी हसले होते. तिथे ती कानटोपी माझ्या डोक्यावर होती. लाल सुळक्यांवर पांढरं भुरभुरलेलं, बाबा म्हणाले पिठीसाखर.

टॉरीत दोन रात्री हा सगळ्यात चांगला निर्णय. चेरी नव्हत्या काकू, मेमध्ये झाडांवर नुसत्या हिरव्या गोळ्या. पण बाग तशीच आहे आणि हरणंही. तिथल्या जुन्या घरात पाय विकतात, म्हणजे फळांचे. लेकाने "आजी, पाय खाऊया" असं मोठ्यांदा म्हटल्यावर आई दचकली.

आर्चेसला डेलिकेट आर्चला नवरा आणि बाबा गेले. हो, बाबा! पहाटे साडेपाचला, मला न सांगता. सव्वातीन तासांनी आले. मी जे बोलायचं ते बोलले. आई काही बोलली नाही, तिने फक्त बीपीचं मशीन पुढे केलं. १३८/८४.

चुकलं ते असं. मोआब ते पेज एका दमात, पाच तास गाडीत. आईची तीन तासांची मर्यादा आम्ही त्या दिवशी मोडली आणि ती संध्याकाळभर कमरेला शेक घेत बसली. मॉन्युमेंट व्हॅलीत एक रात्र हवी होती. हॉटेलं महाग वाटली म्हणून वगळली. वाचवले ते पैसे आणि तिची ती संध्याकाळ, तराजूत घातलं तर आम्ही तोट्यात.

दगडफोड्या

ग्रँड कॅनियनचं काहीच लिहिलं नाहीत.

मुग्धा_सनीव्हेल

तेच लिहायला आले. दक्षिण काठावर पोचलो, सगळे गप्प. लेकसुद्धा. मग बाबांनी माहिती केंद्रातला नकाशा उघडला आणि बाकावर बसले ते दोन तास उठेनात. त्या दरीतल्या शिखरांची नावं वाचत होते. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिव टेंपल, देव टेंपल, कृष्ण आणि राम श्राइन! मी म्हटलं इथे कोण हिंदू आला होता?

दगडफोड्या

हिंदू नव्हे, क्लॅरेन्स डटन. १८८० च्या दशकातला भूशास्त्रज्ञ. त्याला त्या सुळक्यांत पौर्वात्य मंदिरं दिसली, विष्णूचं नाव त्याचंच. पुढच्यांनी तीच पद्धत उचलली. बुद्ध आणि झरथुष्ट्रही आहेत तिथे. आणि तळाचा फार जुना काळा दगड, सुमारे १७० कोटी वर्षांचा, त्याला भूशास्त्रात 'विष्णू शिस्ट' म्हणतात. म्हणजे विष्णू खाली, शेषशायी.

मुग्धा_सनीव्हेल

हे बाबांना वाचून दाखवलं. तिथे बाकावर नकाशा मिटताना ते म्हणाले होते, "तिघं वेगवेगळे बसवलेत. दत्त राहिलेच की."

निवांत_काकू

अगदी खरं आहे त्यांचं. मुग्धा, आईला काय आवडलं?

मुग्धा_सनीव्हेल

विचारलं. "तुम्ही न्याल ते सगळं." मग म्हणाली, पाण्यात पाय घातले ते.

वाचनमात्र_७७

धागा वर काढतोय. आम्ही डिसेंबरात जायचं म्हणतोय, सासू-सासरे आणि दीड वर्षांची मुलगी. डेथ व्हॅली तेव्हा जमेल ना?

रेतीचा_कण

डेथ व्हॅलीला डिसेंबर उत्तम. दिवसा स्वेटरची हवा, झब्रिस्की पॉइंट आणि बॅडवॉटर आरामात होतं. फर्नेस क्रीकला पेट्रोल फार महाग, आधीच भरून जा. ब्राइस आणि ग्रँड कॅनियनला मात्र बर्फ असेल. ग्रँड कॅनियनचा उत्तर काठ हिवाळ्यात बंदच असतो, शिवाय तिथलं जुनं लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलंय, म्हणून दक्षिण काठच धरा. दीड वर्षांच्या मुलीला घेऊन पाचच्या आत मुक्कामावर या. अंधार लवकर पडतो आणि हरणं रस्त्यावर येतात.

स्टेपनीवाला

आणि डिकी उघडून बघा.